न भरणारी टाकी

“आमच्या संडासची टाकी बावीस वर्षांत एकदासुद्धा उपसावी लागली नाही.” नगर जिल्ह्यात कुणाच्याही ओसरीवर बसून विषय काढा, या धर्तीचं वाक्य ऐकायला मिळतंच. सांगणाऱ्याच्या आवाजात घर नीट बांधल्याचं समाधान असतं. मला मात्र ते ऐकलं की एकच विचारावंसं वाटतं: तुमची विहीर, नाहीतर बोअर, त्या टाकीपासून किती फुटांवर आहे? पाच-सहा माणसांचं घर बावीस वर्षं ज्या टाकीत मैला सोडतं आणि तरी जी भरत नाही, ती टाकी चांगली असू शकत नाही. तिच्यातलं सगळं कुठंतरी चाललेलं असतं. ते ‘कुठंतरी’ म्हणजे बहुतेक वेळा जमिनीखालचं पाणी. आणि हा जिल्हा असा, की हंडाभर पाण्याची किंमत इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

गावात तिला ‘सेफ्टी टँक’ म्हणतात. मूळ शब्द सेप्टिक, म्हणजे कुजवणारी. फ्रान्समध्ये मूरास नावाच्या गृहस्थानं अशी टाकी बांधली आणि १८८१ साली तिचं पेटंट घेतलं. पुढं १८९५-९६ च्या सुमारास इंग्लंडातल्या एक्झेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन या अभियंत्यानं तिला सेप्टिक टँक हे नाव दिलं. आपल्याकडेही ती लवकर आली. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच मैल्याच्या टाकीतला गॅस वापरात आला होता. गावोगाव पोचेपर्यंत सेप्टिकचं सेफ्टी झालं, आणि शब्दाबरोबर समजूतही बदलली. टाकी बांधली म्हणजे घर सुरक्षित झालं, असं आपण धरून चाललो.

टाकीचं खरं काम फार मर्यादित आहे. मैला आणि पाणी तिच्यात येतं, थांबतं, शांत होतं. जड भाग तळाला बसतो, त्याचा गाळ होतो. तेल, चरबी आणि हलका भाग वर येऊन सायीसारखा थर धरतो. मधे राहतं ते गढूळ पाणी. तळाच्या गाळात हवेशिवाय जगणारे जिवाणू हळूहळू कुजवण्याचं काम करतात, त्यातून गॅस निघतो, म्हणून टाकीवरच्या उभ्या पाइपाची गरज. मधलं पाणी दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतं. दिसायला ते पाण्यासारखं असतं, पण सेंद्रिय घाण तिसऱ्या हिश्शानं ते फार तर निम्म्यानं कमी झालेली असते, आणि कावीळ, विषमज्वर, पटकी, हगवण यांचे जंतू त्यात बऱ्याच अंशी जिवंत असतात. म्हणजे टाकी अर्धंच काम करते. उरलेलं अर्धं मातीनं करायचं, म्हणून टाकीच्या पुढं शोषखड्डा असतो. ज्या घरात टाकी आहे पण शोषखड्डा नाही, तिथं ते पाणी थेट गटारात जातं. आणि ज्या घरात टाकीलाच तळ नाही, तिथं तर अर्धंही काम झालेलं नसतं.

तळ नसलेली टाकी ही काही अपवादाची गोष्ट नाही. चारी बाजूंनी विटांचं बांधकाम, वर सिमेंटचा स्लॅब आणि खाली नुसता मुरूम, अशी बांधणी सर्रास होते, कारण तळाला काँक्रीट टाकलं नाही की टाकी ‘लवकर भरत नाही’. घरमालकालाही तेच हवं असतं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, आठ फूट खोल खड्डा घ्यायचा आणि पुढच्या पिढीपर्यंत विसरून जायचं. भारतीय मानक ब्यूरोचं टाकीविषयीचं मानक, आयएस २४७०, मात्र इतकी मोठी टाकी मागतच नाही. त्यात रुंदी किमान ७५० मिलिमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर, पाणी मावण्याची क्षमता किमान १,००० लिटर, लांबी रुंदीच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत, एवढीच अपेक्षा आहे. टाकी लहान, पण जलरोधक हवी आणि वेळच्या वेळी उपसायला हवी. आपण नेमकं उलटं केलं.

याच मानकाच्या दुसऱ्या भागात आणखी एक आकडा आहे. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. टाकीतून निघणारं पाणी जमिनीत जिरवण्याची जागा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटरपेक्षा जवळ असू नये. राहत्या घरापासून ती ६ मीटर लांब असावी. १८ मीटर म्हणजे जवळपास साठ फूट. गावठाणात ज्यांची घरं पाठीला पाठ लावून आहेत, त्यांनी हा आकडा वाचला तर ते हताश होतील. त्यांच्या सबंध जागेची लांबी तीस फूट नसते. पण गावठाणाबाहेर, वस्तीवर, शेतातल्या घरी, जिथं साठ काय दोनशे फूटसुद्धा सहज मिळतील, तिथंही टाकी विहिरीच्या कडेलाच दिसते, कारण पाइप कमी लागतो.

आता जमिनीकडे येऊ. साठ फूट हे अंतर मातीवर भरवसा ठेवून काढलेलं आहे, आणि माती सगळीकडे सारखी नसते. बारीक वाळू-मातीची जमीन असेल तर शोषखड्ड्याच्या कडेला काही दिवसांत जिवाणूंचा चिकट थर धरतो, पाणी त्यातून थेंबाथेंबानं गाळून निघतं, आणि काही मीटरांच्या प्रवासात बहुतेक जंतू मातीच्या कणांना चिकटून मरतात. ही निसर्गाची गाळणी उत्तम चालते. अट एकच, पाणी सावकाश गेलं पाहिजे.

नगर जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलेला आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मुरुमाखाली फुटका-सडका खडक, आणि त्याखाली घट्ट कातळ. विहीर खणणारे या मधल्या सच्छिद्र थराला मांजऱ्या म्हणतात. मांजऱ्या लागला की पाणी लागण्याची आशा धरतात. कारण कातळात पाणी मावत नाही. ते भेगांत, सांध्यांत, मुरुमात आणि या मांजऱ्यात असतं. आपलं पिण्याचं पाणी ज्या वाटेनं विहिरीत उतरतं, ती ही वाट. आणि शोषखड्डा खणणारा गडीही मुरूम लागेपर्यंतच खणतो, कारण त्याशिवाय पाणी जिरत नाही. म्हणजे गाळणीचं काम करणारी वरची माती आपण स्वतःच्या हातानं काढून टाकतो आणि मैल्याचं पाणी थेट त्या वाटेवर आणून सोडतो. खडकातल्या भेगेत पाणी गाळलं जात नाही, ते वाहतं. तिथं साठ फूट हे अंतर पुरेलच असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. उताराच्या वरच्या अंगाला टाकी आणि खालच्या अंगाला विहीर असेल तर तिथं आणखी जपायला हवं.

कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासे या गोदावरी-प्रवरेच्या पट्ट्यात अडचण वेगळी आहे. तिथली काळी जमीन ओली झाली की फुगते, तिची तोंडं बंद होतात, शोषखड्ड्यातलं पाणी जिरेनासं होतं आणि पावसाळ्यात अंगणात वर येतं. तीच जमीन एप्रिल-मे महिन्यांत भेगाळते. भेगा कमरेइतक्या खोल जातात. मग मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की महिनाभर अंगणात, उकिरड्यावर, गटाराकाठी साचलेलं सगळं त्या भेगांतून एका दमात खाली उतरतं. पावसाळ्याच्या तोंडाला गावात गॅस्ट्रोची साथ का येते, याचं एक उत्तर या भेगांत आहे. म्हणून काळ्या जमिनीत शोषखड्डा घ्यायचाच, तर त्याच्या सभोवती फूटभर जाडीचा वाळू-खडीचा थर भरावा, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. हा थर म्हणजे आपण बाहेरून आणून बसवलेली गाळणी.

बोअरवेल खोल असते म्हणून ती सुरक्षित, हाही एक गोड समज आहे. तीनशे-चारशे फुटांच्या बोअरला केसिंग पाइप फक्त वरच्या मुरुमापुरता असतो. पाइपाच्या बाहेरची पोकळी सिमेंटनं बुजवलेली नसली, की वरच्या थरातलं घाण पाणी पाइपाच्या बाहेरून, भिंतीला धरून, थेट खालच्या पाण्यात उतरतं. बोअरभोवती सिमेंटचा उतरता ओटा का हवा आणि तिथं भांडी घासू नयेत, गुरं बांधू नयेत, असं का सांगतात, ते यावरून लक्षात येईल. आणि आटलेल्या बोअरमध्ये संडासचा पाइप सोडण्याचा प्रकार तर शब्दशः शेजाऱ्याच्या पाण्यात विष कालवण्यासारखा आहे. तिथं मातीही नाही, अंतरही नाही.

एक घटक मात्र असा आहे, जो चांगल्या मातीलाही दाद देत नाही: नायट्रेट. मैल्यातलं नत्र जमिनीत जिवाणूंमुळे नायट्रेट होतं आणि पाण्याबरोबर सरळ खाली जातं. उसाला दिलेल्या युरियाचंही तेच होतं, आणि प्रवरा खोऱ्यासारख्या उसाच्या मुलखात दोन्हीची भर एकाच विहिरीत पडते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा. त्याहून जास्त नायट्रेटचं पाणी वरच्या दुधात मिसळून तान्ह्या बाळाला दिलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, बाळ निळं पडू शकतं. पाणी उकळून हा धोका टळत नाही. उकळल्यानं पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण वाढतं. क्लोरिनच्या टीसीएल पावडरनंही तो जात नाही. आपल्या घरी ‘उकळून पिलं म्हणजे झालं’ असं म्हणतात, ते जंतूंपुरतं खरं आहे.

मग या सगळ्यावर नजर कुणाची? अमेरिकेत गटार नसलेल्या भागात घर बांधायचं, तर बहुतेक ठिकाणी स्थानिक आरोग्य खात्याचा माणूस आधी जमीन बघायला येतो. खड्डा खणून त्यात पाणी भरायचं आणि ते तासाला किती उतरतं ते मोजायचं. त्यावरून टाकी कुठं, केवढी, शोषणाची जागा किती, हे ठरतं आणि मग परवाना मिळतो. तिथं टाकीची नोंद असते. आपल्याकडे तशी पाहणी मानकात आहे, व्यवहारात नाही. नगरपालिकेच्या हद्दीत बांधकामाच्या नकाशावर टाकी काढलेली असते; गावात तेवढंही क्वचित. टाकीच्या बाजूनं नियमन करणारं मंडळ आपल्याकडे नाही. पाण्याच्या बाजूनं करणारी माणसं मात्र आहेत, आणि त्यांचं काम फारसं कुणी पाहिलेलं नसतं.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक घ्या. बहुतेक ठिकाणी हाच गडी पाणी सोडतो, मोटार चालू-बंद करतो आणि वेळप्रसंगी दिवाबत्तीही बघतो. सकाळी सहाच्या आत तो गावाच्या पाण्याच्या टाकीवर चढतो. बादलीत टीसीएल पावडर कालवतो, चुना तळाला बसू देतो, वरचं निवळ पाण्यात ओततो आणि अर्धा तास जाऊ देतो. मग पाणी सुटतं. गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळावर जाऊन तो एका छोट्या नळीत पाणी घेतो, त्यात ओटीचे थेंब टाकतो, ऑर्थोटोलिडिन हे त्याचं पूर्ण नाव. नळी डोळ्यांसमोर, उजेडाच्या दिशेनं धरतो. पाणी पिवळसर झालं तर क्लोरिन शेवटच्या घरापर्यंत पोचला. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. रंग आला नाही तर दोन शक्यता. एक, पावडर जुनी झाली. उघड्या पोत्यातली पावडर ओलाव्यानं मरते, तिचा वास जातो आणि ती नुसती चुन्यासारखी उरते. दुसरी शक्यता जास्त वाईट: वाटेत कुठंतरी घाण मिसळतेय आणि क्लोरिन तिच्यावरच खर्ची पडतोय. त्या नळीतला न आलेला पिवळा रंग ही गावाला मिळणारी पहिली सूचना असते.

वाटेत घाण मिसळते कशी, तेही सांगायला हवं. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसतं. कुठं दिवसाआड, कुठं चार दिवसांनी. पाणी चालू असतं तेव्हा पाइपात दाब असतो, फट असली तर पाणी बाहेर पडतं. पाणी बंद झालं की दाब जातो आणि त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पाइप गटाराच्या बाजूनं किंवा गटारातूनच गेलेला असला, आणि गटारात टाक्यांचं पाणी सोडलेलं असलं, की पुढचं सांगायची गरज उरत नाही. दाब कमी म्हणून लोक अंगणात खड्डा करून नळ खाली घेतात. पावसाळ्यात तो खड्डा भरतो, नळाचं तोंड बुडतं. वरून कुणी नळाला थेट मोटार लावली तर ती शेजारच्या फटींतूनसुद्धा घाण ओढते. पाणी उद्भवात, म्हणजे मूळ विहीर-बोअरमध्ये, स्वच्छ, टाकीत स्वच्छ आणि घागरीत दूषित, हा चमत्कार असा घडतो.

जलसुरक्षकाच्या रोजच्या कामावर वर्षातून दोनदा मोठी पाहणी असते. एप्रिलमध्ये, पावसाळ्याआधी, आणि ऑक्टोबरमध्ये, पावसाळ्यानंतर, गावातल्या प्रत्येक सार्वजनिक उद्भवाचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. आरोग्यसेवक, जलसुरक्षक आणि ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, हातात प्रपत्र घेऊन विहिरी-हातपंपांपाशी जातात. ओटा फुटलाय का, पाणी साचतं का, गळती आहे का, जवळ उकिरडा किंवा संडास आहे का. जोखीम किती यावरून गावाला कार्ड मिळतं: तीव्र असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. आणि सलग पाच वर्षं गाव हिरव्यात राहिलं, पाण्यातून साथ आली नाही, तर चंदेरी. याशिवाय पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू सापडता कामा नये, असं मानक सांगतं. तो स्वतः दरवेळी आजारी पाडतोच असं नाही; पण तो सापडला याचा अर्थ या पाण्यापर्यंत कुणाचा तरी मैला पोचलाय. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशननंतर गावातल्या पाच महिलांना तपासणी संच देऊन शिकवण्याचीही पद्धत आली. काचेच्या छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवायचं. एक-दोन दिवसांत ते काळं पडलं तर पाणी दूषित. ज्या घरातली बाई स्वतः ती बाटली काळी होताना बघते, त्या घरात पुढं वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

या सगळ्यांना एकत्र बसवणारी एक समितीही प्रत्येक गावात कागदोपत्री आहे. तिचं नाव तोंडात मावत नाही: ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. आशाताई, अंगणवाडीताई, सरपंच, सदस्य अशी माणसं तिच्यात असतात. परदेशात ज्याला स्थानिक आरोग्य मंडळ म्हणतात, त्याच्या सर्वांत जवळ जाणारी आपली संस्था हीच. पाणी आणि आरोग्य हे शब्द एकाच नावात आहेत, ही माझ्या मते साधी गोष्ट नाही. तिच्यापुढं टाक्यांचा विषय येत नाही, एवढीच खंत.

कायदा कमी आहे असंही नाही. १९९३ च्या भूजल कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी घातली. पुढं २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम आला, २०१४ पासून तो अमलात आहे, आणि त्यात भूजलाच्या गुणवत्तेचं रक्षणही आहे. सार्वजनिक झऱ्याचं किंवा तलावाचं पाणी जाणूनबुजून खराब करणं हा इंग्रजांच्या १८६० च्या दंड संहितेपासून गुन्हा आहे. पण एक तुलना करून बघा. पाणी पळवणाऱ्या विहिरीपासून ५०० मीटर. पाणी नासवणाऱ्या शोषखड्ड्यापासून १८ मीटर. पहिल्या अंतरावरून आपल्याकडे भांडणं होतात, तक्रारी जातात, पंचनामे होतात. दुसरं अंतर मोजलेलं मी कधी पाहिलं नाही. पाणी कमी झालं की लगेच दिसतं, नासलेलं दिसत नाही.

याच चुकीचा जगप्रसिद्ध दाखला लंडनमधला आहे. १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटवर पटकीची भयंकर साथ आली. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृतांची घरं नकाशावर मांडून दाखवलं, की बहुतेक जण एकाच पंपाचं पाणी पीत होते. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. इथवरची गोष्ट शाळेच्या पुस्तकांतही सापडते. पुढचा भाग कमी लोकांना माहीत आहे. त्या भागातले पाद्री हेन्री व्हाइटहेड घरोघर फिरले आणि त्यांना कळलं, की पंपाला लागून असलेल्या ४० नंबरच्या घरात साथीच्या आधी एक तान्हं मूल जुलाबानं आजारी पडून पुढं दगावलं होतं आणि त्याच्या लंगोटांचं पाणी घराच्या मैलाकुंडात ओतलं होतं. कुंड उघडलं. विटा निसटलेल्या, सांधे मोकळे, आणि विहिरीपासूनचं अंतर तीन फुटांपेक्षा कमी. सगळ्यांच्या लक्षात पंपाचा दांडा राहिला. साथीचं मूळ मात्र त्या कुंडात होतं. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत आपली तपासणीही दांड्यापाशीच थांबलेली आहे.

नगर जिल्ह्याला हे जमणार नाही असं मला वाटत नाही, कारण पाण्याच्या प्रमाणाबाबत याच जिल्ह्यानं अवघड गोष्ट करून दाखवली. हिवरे बाजारनं ग्रामसभेत ठरवून शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, ऊस आणि केळी नको म्हटलं, आणि दरवर्षी पावसाच्या मापावर पाण्याचा ताळेबंद मांडून कोणतं पीक घ्यायचं ते ठरवायला सुरुवात केली. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली १९९० नंतर हे घडलं. जमिनीखालचं पाणी एकट्याच्या मालकीचं नाही, हे तत्त्व एका सबंध गावानं मान्य करणं ही त्यातली खरी कमाई. राळेगणसिद्धीत सामूहिक संडासाचा मैला बायोगॅसकडे वळवला गेला होता. पाण्याच्या प्रमाणाचा ताळेबंद मांडणारी ग्रामसभा टाक्यांची यादीही मांडू शकते. घर नंबर, टाकी की दोन खड्ड्यांचा संडास, तळ पक्का का, उद्भवापासून किती फूट, शेवटची कधी उपसली. पाच रकाने.

उपसण्याचं उदाहरण तर जिल्ह्याच्या शेजारीच आहे. संगमनेरहून नाशिकला जाताना लागणारं सिन्नर, आणि सातारा जिल्ह्यातलं वाई, या दोन नगरपालिकांनी २०१८-१९ च्या सुमारास ठरवून टाकी उपसायची पद्धत सुरू केली. गावाचे भाग पाडले, दर तीन वर्षांत प्रत्येक टाकीची पाळी येईल असं वेळापत्रक लावलं, घरमालकानं फोन करायची वाट बघितली नाही. पैसे टाकी उपसताना रोख मागण्याऐवजी स्वच्छता कराच्या रूपानं गोळा केले, म्हणजे कुणी पैशांसाठी पाळी चुकवत नाही. गाडी उपसलेला मैला प्रक्रिया केंद्रात नेते. यामुळे आणखी एक गोष्ट साधली: रात्री ओढ्यात किंवा मळ्याच्या कडेला टँकर मोकळा करण्याचा मोह संपला. नाहीतर टाकीतला मैला गावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेऊन ओतण्यात काय हशील? गावांसाठी अशी गाडी एकट्या ग्रामपंचायतीला परवडणारी नाही, पण पाच-दहा गावं मिळून किंवा जवळच्या नगरपालिकेच्या केंद्राशी करार करून ती चालू शकते.

टाकीत माणूस उतरवायचा नाही, हे इथं वेगळं आणि ठणकावून सांगतो. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतं. थोड्या प्रमाणात हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो, जास्त झालं की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणूस दोन-तीन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय हे काम माणसाकडून करवून घेणं गुन्हा ठरवलं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. हे काम आजवर कोणत्या जातींच्या माणसांकडून करून घेतलं गेलं, ते महाराष्ट्राला सांगायला नको. पैसे देऊन तो जीव परत येत नाही.

नवं घर बांधणाऱ्याला माझं सांगणं एवढंच, की जागा असेल तर दोन खड्ड्यांचा संडास टाकीपेक्षा बरा. एक खड्डा पाच-सहा माणसांना साधारण तीन वर्षं पुरतो. तो भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचं आणि पहिला दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचा. तोपर्यंत आत काळसर, भुसभुशीत, वास नसलेलं खत तयार होतं. आपल्याकडे त्याला सोनखत म्हणत. दोन खड्ड्यांत किमान एका खड्ड्याच्या खोलीइतकं अंतर ठेवावं, तळ भूजलापासून दोन मीटर तरी वर असावा. हा साधा प्रकार ‘गरिबांचा संडास’ समजून बाजूला टाकला जातो आणि प्रतिष्ठेपायी मोठा हौद बांधला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटी टाकी कुठं आणि कशी होणार, हे ठरवतो कोण? जिल्हा परिषद नाही, आरोग्य केंद्र नाही, ग्रामपंचायतही नाही. पायाची लाइन टाकायला आलेला गवंडी ठरवतो. चहा पिता पिता तो मालकाला विचारतो, “संडास कोणत्या अंगाला घ्यायचा?” मालक हात करून दाखवतो, गवंडी चुन्याची रेघ मारतो, आणि पुढच्या तीस वर्षांसाठी शेजारच्या चार घरांच्या पाण्याचा निकाल लागून जातो. तळाला काँक्रीट टाकायचं का, बाहेर जाणाऱ्या पाइपाला टी-जोड लावायचा का, झाकण उघडता येईल असं ठेवायचं की स्लॅबखाली गाडायचं, हेही तोच ठरवतो. त्याच्या खिशात मीटरची टेप असते. विहिरीच्या कठड्यापासून त्या रेघेपर्यंत ती एकदा ताणून बघायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं चुना पडायच्या आधीची असतात.